ऐकणाऱ्याच्या मनाचा माग

उपवासकाळातील एका गुरुवारची गोष्ट. क्रूसाची वाट आटोपून मी मंदिराचे दार लावीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ पायरीवर उभे दिसले. उधन्याला यंत्रमागाच्या खात्यात ते वीस वर्षांपासून काम करतात. मूळचे नवापूर तालुक्यातले. घरात मावची, बाजारात गुजराती आणि प्रार्थनेला मराठी, अशा तीन भाषांत त्यांचे कुटुंब वावरते. त्यांच्या हातात एक घडी घातलेला कागद होता.

"फादर, थोरली म्हणते की बी. ए. झाल्यावर पुढे मानसशास्त्रात एम. ए. करीन, आणि मग लोक टीव्ही, रेडिओ, मोबाईल काय ऐकतात-पाहतात त्याचा अभ्यास करण्याची नोकरी करीन. असली नोकरी असते का? मी तर तिला नर्सिंगला घालणार होतो."

वाचकहो, येथे मला माझी चूक कबूल करावयाची आहे. मी त्या दिवशी थकलो होतो आणि विषयाची मला पुरती माहिती नव्हती. तथापि धर्मगुरूला विचारले म्हणजे त्याने उत्तर दिलेच पाहिजे, अशी एक सवय आम्हा लोकांना लागलेली असते. मी म्हणालो, "नर्सिंग बरे. त्यात सेवाही आहे आणि पोटापाण्याचीही खात्री आहे. हे दुसरे काहीतरी शहरी खूळ दिसते." ते गृहस्थ समाधानाने घरी गेले. मीही समाधानाने जेवलो.

दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतः आली. रडलेली दिसत होती, पण बोलताना आवाज कापला नाही. ती म्हणाली, "फादर, तुम्ही बाबांना सांगितलेत ते मी ऐकले. एकच मागणे आहे. गेल्या रविवारच्या तुमच्या उपदेशातले लोकांच्या किती लक्षात राहिले, ते मला विचारून पाहू द्या. कॉलेजात प्रकल्प द्यावयाचा आहे, त्यातही ते चालेल." मी हसून परवानगी दिली. मनात म्हटले, उपदेश तर लोकांना आवडलाच आहे. मिस्सा झाल्यावर दाराशी निदान दहा जणांनी तसे सांगितले होते.

त्या रविवारी मी शोमरोनी स्त्रीच्या शुभवर्तमानावर बोललो होतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यामधील भिंत समजावी म्हणून मी नवापूर स्थानकाचा दृष्टांत दिला होता. तापी मार्गाने येणाऱ्या-जाणाऱ्या आमच्या लोकांना ते स्थानक चांगले ठाऊक आहे. त्याच्या मधूनच दोन राज्यांची सीमा जाते, आणि फलाटावरील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. एकाच बाकावर दोन राज्ये बसतात, तर एकाच विहिरीवर दोन जाती का बसू नयेत, असा माझा रोख होता.

मुलीने काय केले ते ऐका. "उपदेश आवडला का?" हा प्रश्न तिने कोणालाच विचारला नाही. ती म्हणाली, तो प्रश्न विचारला तर सगळेच होय म्हणतील. फादरांचा उपदेश नावडला असे फादरांच्याच मंडळीतील मुलीला कोण सांगणार? माणूस विचारणाऱ्याचे मन राखतो. मानसशास्त्रात या प्रवृत्तीचा स्वतंत्र अभ्यास आहे, आणि प्रश्नावली रचताना तिचा बंदोबस्त पहिल्यांदा करावा लागतो. म्हणून तिने लोकांना सांगितले, "मी त्या दिवशी आजारी होते. फादर काय बोलले ते मला सांगा." आणि जे सांगितले ते शब्दशः लिहून घेतले. ती खरोखरच त्या रविवारी तापाने घरी होती, हेही नमूद करतो. नाहीतर उपवासकाळात खोटे बोलल्याचा दोष तिच्याकडे जावयाचा.

आठवड्याने तिने वही माझ्यापुढे ठेवली. बाक बहुतेकांना आठवत होता. विहिरीपर्यंत मात्र अवघे चौघे पोहोचले. एका आजीने तर सांगितले की नवापूर स्थानकावर फादर नवीन बाक बसवून देणार आहेत, त्यासाठी वर्गणी गोळा व्हावयाची आहे. मी वही मिटली. पुन्हा उघडली. सेमिनरीत आम्हाला उपदेशकला शिकविली होती. बोलणाऱ्याने कसे उभे राहावे, आवाज कोठे चढवावा, दृष्टांत कोठे घालावा, हे सारे शिकविले. ऐकणाऱ्याच्या डोक्यात शेवटी काय उतरले ते तपासण्याची रीत मात्र मला कोणी शिकविली नव्हती. पेरणाऱ्याचा दाखला मी इतक्या वेळा वाचून दाखविला, पण त्यात जमिनीविषयी किती सांगितले आहे याकडे माझे नीट लक्ष गेले नव्हते.

तेव्हापासून मी या विद्येची माहिती मिळवू लागलो. आज ती तुमच्यापुढे ठेवतो, कारण आपल्या गावांतूनही मुले-मुली आता मानसशास्त्र घेत आहेत, आणि "वेड्यांचा डॉक्टर होणार काय?" असे त्यांना घरीदारी ऐकावे लागते.

या विद्येचा उगम पाहू गेल्यास आपण व्हिएन्ना शहरात पोहोचतो. तेथे हेर्टा हेर्त्सोग नावाची एक विद्यार्थिनी मानसशास्त्र शिकत होती. रेडिओ नवा होता. तिने डॉक्टरेटसाठी प्रश्न घेतला तो असा: न दिसणाऱ्या माणसाचा केवळ आवाज ऐकून श्रोते त्याच्याविषयी काय काय ताडतात? काही व्यक्तींचे आवाज तेथील रेडिओवरून ऐकविले, आणि त्यांचे वय, व्यवसाय वगैरे ओळखून कळविण्यास लोकांना सांगितले. हे १९३२ साली पूर्ण झाले. पुढे ती अमेरिकेस गेली आणि तेथे दुपारच्या रेडिओ मालिका ऐकणाऱ्या गृहिणींच्या मुलाखती घेऊ लागली. शहाणेसुरते लोक त्या मालिकांना रडगाणी म्हणून नाके मुरडीत. हेर्त्सोगबाईंनी नाक मुरडले नाही. त्यांनी शंभरेक स्त्रियांना शांतपणे विचारले की तुम्हाला यातून काय मिळते. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की कोणी मनातले दुःख वाहू देण्यासाठी ऐकते, कोणी स्वतःला न लाभलेले सुख दुसऱ्याच्या कथेत भोगते, आणि पुष्कळ जणी, हे विशेष, नवऱ्याशी, मुलांशी, शेजाऱ्यांशी कसे वागावे याचा सल्ला त्या कथांतून घेतात. मालिका लिहिणाऱ्याला आपण सल्लागार झालो आहोत याची कल्पनाही नसेल! आपल्या घरांतून संध्याकाळी ज्या मालिका चालतात त्यांच्याविषयी आम्ही व्यासपीठावरून पुष्कळ टीका करतो. त्या पाहणाऱ्या आयाबायांना त्यांतून काय मिळते, हे आम्ही कितीदा विचारले आहे?

त्याच काळातील दुसरे नाव फ्रँक स्टँटन. यांनी १९३५ साली ओहायो राज्य विद्यापीठातून मानसशास्त्राची डॉक्टरेट घेतली. लोक रेडिओ केव्हा लावतात हे तोंडी विचारण्यापेक्षा संचातच नोंदणारे यंत्र बसवावे अशी कल्पना काढून त्यांनी ते स्वतः तयार केले. सीबीएस या मोठ्या नभोवाणी कंपनीत ते संशोधक म्हणून गेले आणि १९४६ साली त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. लाझार्सफेल्ड या व्हिएन्नाच्या दुसऱ्या पंडिताबरोबर त्यांनी आणखी एक युक्ती केली. श्रोत्याच्या हाताशी हिरवे व तांबडे अशी दोन बटणे द्यावयाची. कार्यक्रम आवडला की हिरवे, नावडला की तांबडे. कोणत्या वाक्याला लोक कंटाळले ते कागदावर उमटे. (आमच्या मंदिरातील बाकांना अशी बटणे नाहीत याबद्दल मी देवाचे आभार मानले.)

परंतु व्हिएन्ना-अमेरिका फार लांब. आपल्या मराठी मुलखात हे काम १९५६ सालीच होऊन गेले आहे, आणि ते शहरात नव्हे, खेड्यांत. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापिली. मंडळात वीसेक माणसे. आठवड्यातून दोन वेळा सायंकाळी अर्धा तास शेती, जनावरे, आरोग्य अशा विषयांवर कार्यक्रम लागे. मंडळी ऐकत, मग आपसांत चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे लिहून जात. दहा आठवडे हा क्रम चालला. मागे आधार होता युनेस्कोचा, आणि याचा गुण काय आला ते तपासण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. तपासणीचे प्रमुख होते पॉल नॉइरात. हेही व्हिएन्नाचेच. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेत गेले होते, आणि तेथून आपल्याकडे आले.

त्यांच्या पथकाने मंडळांतील लोकांना कार्यक्रमांपूर्वी प्रश्न विचारले व नंतर पुन्हा विचारले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या गावांत रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी काही गावे, आणि ज्यांत रेडिओच नाही अशी काही गावे, यांतही त्यांनी तेच प्रश्न विचारले. हा त्यातील खरा शहाणपणा. नाहीतर ज्ञान वाढले ते रेडिओमुळे की एरवीच वाढले, हे कसे कळावे? निष्कर्ष असा निघाला की मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडी. म्हणजे कान उघडे असून भागत नाही, ऐकून झाल्यावर चार माणसांनी एकत्र बसून बोलावे लागते. हे वाचले तेव्हा मला पुन्हा आमची मिस्सा आठवली. शेवटचे गीत संपण्यापूर्वीच अर्धी मंडळी रिक्षा पाहावयास बाहेर!

गुजरातेतही, आमच्या सुरतेपासून फार दूर नाही अशा खेडा जिल्ह्यात, १९७५ पासून असाच मोठा प्रयोग झाला. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने पीज येथील प्रक्षेपकावरून गावोगावच्या सामुदायिक दूरदर्शनसंचांवर गुजराती कार्यक्रम दाखविले. येथील समाजशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ कार्यक्रम झाल्यावर मत विचारून मोकळे होत नसत. कार्यक्रम तयार होण्याच्या आधी गावात जाऊन लोकांची गरज, बोली, समजूत पाहून यावयाचे आणि ते निर्मात्याला सांगावयाचे, हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. १९८४ साली या प्रकल्पाला ग्रामीण संपर्काबद्दलचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

आपल्या ख्रिस्तसभेतही ही दृष्टी नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या येशूसंघीयाने युरोपीय छंद बाजूला ठेवून ओवी घेतली, कारण ऐकणाऱ्यांचे कान ओवीला सरावलेले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्काच्या साधनांवर स्वतंत्र आदेशपत्रकच काढले, आणि १९६७ पासून जागतिक संपर्कदिन पाळला जातो. आम्ही त्या दिवशी परमगुरुस्वामींचा संदेश वाचून दाखवितो. तो कोणाला किती समजला हे कोणीतरी शोधावयास हवे.

आता सुरतेची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे माझे मत पुरते पालटले. १९९४ च्या सप्टेंबरात येथे प्लेगची साथ आल्याची बातमी पसरली, आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघून गेले. मी तेव्हा खानदेशातील गावी शाळेत होतो. सुरतेहून आलेल्या आमच्याच नातेवाइकांना गावकऱ्यांनी वेशीबाहेरच्या शाळेत ठेवले. कोणी म्हणे हजारो प्रेते तापीत सोडली, कोणी म्हणे पाण्यात विष कालवले. प्रत्यक्षात सरकारी नोंदीप्रमाणे साऱ्या देशात त्या साथीने दगावलेल्यांची संख्या साठाच्या आतच राहिली. माझी एक मावशी त्या दिवसांत तान्ह्या मुलासह त्या शाळेच्या व्हरांड्यात पावसात राहिली होती. तिला कोणी पाणीसुद्धा जवळ येऊन दिले नाही. माझी आई दुरून भाकरी ठेवून येई, आणि मी आईला जाऊ नको म्हणून तिचा पदर ओढीत असे.

लोक असे का बोलतात, असे का मानतात? मुलीने मला सांगितले की याचा पहिला नीट अभ्यास आपल्याच देशातील एका मानसशास्त्रज्ञाने केला आहे. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये महाभूकंप झाला. त्यानंतर लोकांत उठलेल्या अफवा पाटण्याचे जमुना प्रसाद यांनी जमवून १९३५ साली त्यांवर निबंध लिहिला. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट होती. ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांच्याकडे पडझड झाली नाही, त्यांच्यातही आणखी भयंकर संकट येणार अशाच अफवा होत्या. भ्यालेल्या माणसाला दिलासा देणारी कथा हवी, त्याने अधिक भीतीच्या कथा का रचाव्यात? वीस-बावीस वर्षांनी अमेरिकेतील लिऑन फेस्टिंगर यांनी याचे उत्तर सुचविले. मनात भीती तर आहे, पण समोर कारण दिसत नाही. हा विसंगतपणा माणसाला सोसत नाही, म्हणून भीतीला शोभेल असे कारण तो शोधतो. त्यांचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला सिद्धांत आज जगभर शिकविला जातो, आणि त्याच्या मुळाशी बिहारच्या बाजारांतील बोलणी आहेत.

हे तिने सांगितल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. १९९४ साली सुरतेत आणि आमच्या गावात लोक काय ऐकत आहेत, कोणाच्या तोंडून ऐकत आहेत आणि कोणावर विश्वास ठेवीत आहेत, हे विचारून तत्काळ सांगणारी जाणकार माणसे असती, तर मावशीला व्हरांड्यात राहावे लागले नसते असे मी म्हणत नाही. पण तिच्याजवळ पाणी नेण्यात धोका किती, हे योग्य माणसाच्या तोंडून योग्य शब्दांत गावाला सांगता आले असते.

या नोकरीची दुसरी बाजूही आईबापांपुढे ठेवली पाहिजे. हेर्त्सोगबाई १९४३ साली जाहिरातीच्या कंपनीत गेल्या आणि आपली विद्या त्यांनी माल खपविण्याच्या कामी लावली. आजही या क्षेत्रातील पुष्कळ पैसा तेथूनच येतो. दूरदर्शन वाहिन्यांची लोकप्रियता मोजण्यासाठी देशात हजारो घरांत यंत्रे बसविलेली असतात, आणि त्या आकड्यांवर जाहिरातींचे कोट्यवधी रुपये फिरतात. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी आरोप केला की ठराविक वाहिनी लावून ठेवण्यासाठी अशा काही घरांना दरमहा चारपाचशे रुपये दिले जात होते. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत प्रसिद्धच झाले नाहीत. चारपाचशे रुपयांत घर विकत घेता येते असे ज्यांना वाटते, त्यांच्या शेजारी बसून काम करावयाचे आहे, हे मी मुलीला स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "फादर, दवाखान्यातही औषधे चोरणारे असतातच की." यावर मला उत्तर सुचले नाही.

मार्ग असा आहे. मानसशास्त्र घेऊन बी. ए. सुरतेतच होते. पुढे एम. ए. साठी जवळ बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, जेथे शिक्षण व मानसशास्त्र यांची विद्याशाखा १९४९ पासून आहे. गणिताचा कंटाळा म्हणून जे मानसशास्त्राकडे वळतात त्यांची येथे फसगत होते. संख्याशास्त्र पक्के लागते, आणि संगणकावर आकडेमोड करता यावी लागते. पहिली नोकरी बहुधा मुलाखती घेणाऱ्याची असते. दारोदार हिंडावयाचे, पुष्कळदा दार तोंडावर लावले जाते, मोबदला मुलाखतीमागे मोजून मिळतो. तेथे टिकला तो पुढे प्रश्नावली रचू लागतो, मग आकड्यांचा अर्थ लावणारा होतो, आणि मग संशोधनाचा प्रमुख. संशोधन कंपन्या, वाहिन्या, आकाशवाणी, आरोग्याची कामे करणाऱ्या संस्था आणि अलीकडे मोबाईलवरील कार्यक्रम करणाऱ्या कंपन्या अशी माणसे घेतात. ज्याला मावची, मराठी आणि गुजराती तिन्ही बोलता येतात, त्याला ज्या घरात प्रवेश मिळेल तेथे शहरातील पदवीधराला दारातूनच परतावे लागेल. हे शेवटचे मी वडिलांना मुद्दाम सांगितले, कारण मावची बोलते म्हणून शाळेत याच मुलीला चिडविले गेले होते, आणि तेव्हा तेच माझ्या आधीच्या फादरांकडे तक्रार घेऊन आले होते.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "फादर, पोरीने तुमच्या उपदेशाचे सगळ्यांना विचारले. मलाही विचारले. मी काय सांगितले ते वहीत आहे काय?"

मी वही काढली. शेवटच्या पानावर मुलीच्या बारीक अक्षरात लिहिले होते: "काही आठवत नाही. शनिवारची रातपाळी सकाळी सातला सुटते. तसाच मिस्सेला येतो. बसल्यावर झोप लागते. फादरांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल." खाली तिने बापाचे नाव लिहिले नव्हते. इतरांचीही लिहिली नव्हती. तसे लिहावयाचे नसते, असा त्या विद्येचा नियम आहे. पण त्याच पानावर तशी आणखी अकरा उत्तरे होती. सारे यंत्रमागाच्या खात्यांतले. आठ वर्षे मी आठ वाजता मराठी मिस्सा करीत होतो, आणि मागच्या बाकांवर डुलणाऱ्या पुरुषांना भक्ती कमी म्हणून दोनदा व्यासपीठावरून बोललोही होतो.

इस्टरनंतरच्या पहिल्या रविवारपासून आमची मराठी मिस्सा सायंकाळी सहाला होते. बडोद्याच्या अर्जावर वडिलांनी गेल्या मंगळवारी सही केली. पहिल्या सत्राच्या शुल्काचे काय करावे याचा विचार धर्मग्राम समितीपुढे येत्या बैठकीत आहे. मुलीने जाण्यापूर्वी एक वही माझ्या टेबलावर ठेवली आहे. तिच्यात सायंकाळच्या मिस्सेनंतर लोकांना विचारावयाचे चार प्रश्न आहेत, आणि पहिल्याच पानावर सूचना लिहिली आहे: फादरांनी स्वतः विचारू नये.